पहारा बदलणारा माणूस

(मांजरसुंबा येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाची संहिता)



ज्या गुरुजींच्या पुण्यस्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांचे चरित्र आपणांपैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे ते मी नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. आणि दिवंगत शिक्षकाच्या कष्टांची मुक्तकंठाने प्रशंसा करून, हार घालून, सभा बरखास्त करण्याची जी रीत आपल्याकडे रूढ झाली आहे, तिच्याविषयीच मला आज थोडे प्रतिकूल बोलावयाचे आहे. शिक्षक किती झिजला हे आपण मोठ्या आदराने मोजतो. तो झिजत असताना त्याच्या हातातले काम घटकाभर आपल्या हाती घ्यावयास कोण पुढे आले, हा प्रश्न मात्र आपल्या शोकसभांत कोणी विचारीत नाही. आजचा माझा विषय शिक्षकाचे मनःस्वास्थ्य हा आहे, आणि या प्रश्नाखेरीज त्या विषयाला हात घालता येतो असे मला वाटत नाही.

आपले गाव चौफुलीचे. धुळे-सोलापूर महामार्ग घाट चढून येथे येतो आणि नगरकडून पाटोद्यामार्गे केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता त्याला येथेच छेदतो. त्यामुळे सकाळच्या प्रहरी फाट्यावर उभे राहिले असता परिसरातील शिक्षकवर्गाचे दर्शन अनायासे घडते. कोणी बीडहून एस.टी.ने उतरतो, कोणी डबा दुचाकीच्या हुकाला अडकवून चहाच्या गाड्यावर सहकाऱ्याची वाट पाहतो, कोणी बाई मुलाला शेजारणीच्या हवाली करून आलेल्या असतात आणि फोनवर त्याने दूध घेतले की नाही याची चौकशी करीत असतात. मग ही मंडळी बालाघाटाच्या पठारावरील वाड्यावस्त्यांकडे पांगतात. त्यांतल्या पुष्कळांच्या शाळा द्विशिक्षकी. कागदोपत्री दोन शिक्षक, व्यवहारात बहुधा एकच. कारण दुसऱ्याच्या वाट्याला कधी मतदारयादीचे काम असते, कधी प्रशिक्षण, कधी पंचायत समितीत एखाद्या रजिस्टराची पूर्तता. उरलेला एकटा शिक्षक पहिलीला अक्षरे गिरवावयास लावून चौथीला भागाकार सांगतो, मधेच तांदूळ मोजून देतो, आणि इतक्यात खिशातला फोन वाजून ‘माहिती तात्काळ सादर करावी, निरंक असल्यास निरंक कळवावे’ असा संदेश येतो. ‘निरंक’ कळविण्यासाठीही वर्ग सोडून, ज्या कोपऱ्यात रेंज येते त्या कोपऱ्यात, बहुधा लिंबाच्या पाराशी, जाऊन उभे राहावे लागते हे कळविण्यास मात्र कोणत्याही नमुन्यात रकाना नाही.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सत्ताविसाव्या कलमात स्पष्ट सांगतो की दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक एवढी कामे वगळता शिक्षकास शिक्षणेतर कामावर तैनात करू नये. कायदा चांगला आहे. परंतु वगळलेल्या तीन कामांचा पसारा किती असतो हे ज्याने मतदारयादी हातात घेऊन उन्हातून घरे पालथी घातली आहेत त्यालाच विचारावे.

हे सारे राज्यात अन्यत्रही आहे. आपल्या जिल्ह्याचे दुःख याहून निराळे, आणि ते हजेरीपटावर दिसते. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीकडे, कपिलधारला, दिंड्या येऊ लागतात, त्याच सुमारास आपल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडलेल्या असतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच खर्ची पडलेली असते. निघावयाचे की नाही हा प्रश्नच उरलेला नसतो. शिक्षक आदल्या सांजेला वस्तीवर जातो. दारात कोयते, पत्र्याची पेटी, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, पाय बांधलेल्या कोंबड्या असा संसार रचून ठेवलेला, आणि त्या ढिगावर तिसरीतली मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली. हिला आजीपाशी ठेवा, हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून हिच्या जेवणाची सोय होईल, असे तो परोपरीने सांगतो. आई ऐकून घेते आणि म्हणते, “गुरुजी, हिला मागं ठिवली तर फडात ह्याला कोण धरील?” या प्रश्नाला शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षक हजेरीपटावर त्या नावापुढे गैरहजेरी मांडतो, आणि पुढचे पाच-सहा महिने रोज मांडीत राहतो. चैत्राच्या आगेमागे मुलगी परत येते तेव्हा जोडाक्षरे विसरलेली असते; आणि वर्ग तपासावयास आलेला अधिकारी विचारतो की तिसरीच्या मुलीला वाचता का येत नाही, याचा लेखी खुलासा करावा.

माणसाचे मन कशाने खचते, असा प्रश्न केला तर ‘कामाने’ असे उत्तर आपण चटकन देतो. माझ्या मते ते उत्तर अपुरे आहे. कष्टाने शरीर थकते, आणि थकलेले शरीर झोपेने ताजे होते. परंतु जेथे परिणाम आपल्या हाती नाही आणि जबाब मात्र आपण द्यावयाचा आहे, तेथे मन आतून पोखरले जाते. ज्या घरात कर्जापायी कर्त्या पुरुषाने जिवाचे बरेवाईट केले त्या घरातले पोर सकाळी वर्गात येऊन बसते, त्याच्याकडे पाहून शिक्षकाला पाढे म्हणून घ्यावे लागतात. हा भार कोणत्याही वेळापत्रकात नोंदलेला नसतो, आणि बीड जिल्ह्यात हा प्रसंग विरळा नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला तो कोवळा मास्तर आपणांस ठाऊक आहे. लोक या कादंबरीकडे ग्रामजीवनाचे चित्र म्हणून पाहतात, आणि ते आहेच. परंतु मी ती शिक्षकाच्या एकाकीपणाची कथा म्हणूनही वाचीत आलो आहे. त्या मास्तरापाशी वाडी आपले अर्ज आणते, भांडणे आणते, पैशांचे व्यवहार आणते. त्याने आपले काही न्यावे असे ठिकाण त्याला वाडीत नाही. शेवटी दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन देशोधडीला लागतात, शाळेत मुले उरत नाहीत, आणि मास्तरालाही वाडी सोडावी लागते. त्याच्या वाडीवर तो प्रसंग एकदा आला. आपल्या जिल्ह्यातल्या शिक्षकावर तो दरसाल, दिवाळीच्या सुट्टीनंतर, येतो.

आता आदर्शांकडे वळतो, कारण आपल्या शिक्षकाची मानसिक कोंडी परिस्थितीइतकीच आपण त्याच्यासमोर उभ्या केलेल्या आदर्शांनी केली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठवाड्याला शिक्षक म्हटला की स्वामी रामानंद तीर्थ आठवतात, आणि ते योग्यच आहे. १९३२ साली संन्यास घेतलेला हा पुरुष हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर १९३५ पासून आपल्याच जिल्ह्यातील अंबाजोगाईला शिकवीत होता, आणि तेथूनच तो हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात उतरला. परंतु संन्याशाला घर नसते, मुलीचे लग्न नसते, बँकेचा हप्ता नसतो, हे विसरून त्याच गजाने आपण गृहस्थाश्रमी शिक्षकाला मोजू लागलो. आणि स्वामीजी तरी एकटे कोठे होते? बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी हिप्परग्यापासून त्यांच्या बरोबरीने राबत होते. आपण पुतळा एकाचा उभारतो, त्यामुळे पाहणाऱ्याला काम एकट्याने होते असा भ्रम होतो.

दुसरा आदर्श साने गुरुजींचा, आणि त्याविषयी बोलताना शब्द जपून वापरले पाहिजेत. १९२४ ते १९३० ही सहा वर्षे ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाचे अधीक्षक होते. मुलांच्या खोल्या झाडणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे, त्यांचे मळके कपडे त्यांच्या नकळत धुऊन टाकणे, आणि एवढे करून ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक रोज स्वहस्ते लिहून काढणे, अशी त्यांची दिनचर्या होती. आईपणाचा हा आदर्श ‘श्यामची आई’च्या लेखकाने महाराष्ट्राच्या हाती दिला, आणि तेव्हापासून शिक्षकाने आई व्हावे, असे आपण प्रत्येक शिक्षकदिनी ऐकत आलो. त्याच साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपली जीवनयात्रा स्वतःच्या हाताने संपविली. त्या मृत्यूची एकच एक मीमांसा करण्याचा अधिकार मला नाही आणि तो कोणी सांगूही नये. एवढे मात्र म्हणावेसे वाटते की सर्वांची आई झालेल्या त्या माणसाला ‘आज तू निजून राहा, मी पाहतो’ असे म्हणणारे कोणी वेळेवर भेटावयास हवे होते, आणि त्यांच्या चरित्राचा हा भाग व्याख्यानातून गाळणारे आपण त्यांच्या वाटेने जाणाऱ्या तरुण शिक्षकांना अर्धेच चरित्र शिकवितो.

तिसरे नाव सावित्रीबाईंचे. अंगावर शेण आणि दगड झेलीत शाळेत जाणाऱ्या, तेथे पोहोचल्यावर लुगडे बदलून शिकवावयास उभ्या राहणाऱ्या सावित्रीबाई आपण लहानपणापासून ऐकल्या आहेत. परंतु त्यांचे जोतीरावांना लिहिलेले एक पत्र आहे, १८५६ च्या ऑक्टोबर महिन्यातले, माहेराहून म्हणजे नायगावाहून लिहिलेले. त्या वेळी त्या पंचवीस वर्षांच्या होत्या आणि आठ वर्षे शाळांसाठी झिजल्या होत्या. आजारी पडून त्या माहेरी आल्या. भावाने मनोभावे शुश्रूषा केली. प्रकृतीला आता उतार पडला आहे, पूर्ण बरी झाल्यावर पुण्यास येईन, काळजी करू नये, असे त्या कळवितात. आणि त्या पत्रात आपल्या सहकारिणीविषयी एक उल्लेख असा येतो की माझ्यावाचून फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही.

या एका उल्लेखात मला आजच्या विषयाचे सारे मर्म दिसते. महाराष्ट्राची आद्य शिक्षिका आजारपणात रजेवर जाते. पूर्ण बरी होईपर्यंत परतण्याची घाई करीत नाही. सहकारिणीला होणारा त्रास तिला कळतो, पण त्यापायी ती स्वतःला अपराधी मानून अर्ध्या प्रकृतीने उठून धावत नाही, कारण शाळा सांभाळणारी फातिमा तेथे आहे. ज्या धैर्याची आपण आरती ओवाळतो त्या धैर्याला हा आधार होता. आजच्या वस्तीशाळेवरच्या शिक्षिकेपाशी सावित्रीबाईंची तसबीर आहे, फातिमा नाही. म्हणून ती रजेचा अर्ज लिहिते आणि पर्समध्येच ठेवते.

आपल्या मुलखातल्या अखंड हरिनाम सप्ताहाची व्यवस्था पाहा. सात दिवस वीणा जमिनीला टेकवावयाची नाही हा नियम. परंतु ती एकाच्याच गळ्यात सात दिवस राहावी असे कोणत्याही गावाने कधी मनात आणले नाही. पहारे लावलेले असतात, फळ्यावर नावे खडूने लिहिलेली असतात, पहाटेच्या दोनच्या ठोक्यालाही पुढचा पहारेकरी डोळे चोळीत येतो, आधीच्याच्या पाया पडून वीणा आपल्या गळ्यात घालून घेतो, आणि आधीचा माणूस निश्चिंतपणे जाऊन झोपतो. त्याला कोणी कमजोर म्हणत नाही, की त्याचा भाव कमी पडला असे कोणी बोलत नाही. अखंडता टिकते ती पहारा बदलल्यामुळे. देवाच्या कामात आपणांस एवढे व्यवहारज्ञान आहे. शाळेच्या कामात मात्र आपण एकाच्याच गळ्यात वीणा अडकवितो आणि त्याचे पाय लटपटू लागले की त्याच्या निष्ठेची चौकशी लावतो.

पाश्चात्त्य देशांत असे खचून जाण्याच्या या अवस्थेचा अभ्यास पन्नास वर्षांपूर्वी सुरू झाला. न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाहून हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली ‘बर्नआउट’वर लिहिले, आणि त्याचे निरीक्षण असे होते की जे सर्वांत समर्पित, तेच आधी कोळपतात. पुढे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याला स्थान दिले, पण रोग म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. लक्षणे तीन सांगितली: शक्ती सरल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असा समज. ‘आमचे गुरुजी पूर्वी किती हौशी होते, आता मुलांवर नुसते खेकसतात’ असे पालक म्हणतात तेव्हा ते बहुधा दुसऱ्या लक्षणाचेच वर्णन करीत असतात. कारण जर कामाच्या ठिकाणी आहे, तर औषध एकट्या माणसाच्या गळी उतरवून कसे भागेल? शिक्षकांना तणावमुक्तीचे धडे देण्याचे वर्ग मी पाहिले आहेत. ते रविवारी भरतात, हजेरी सक्तीची असते, आणि प्राणायाम करतानाचे छायाचित्र सायंकाळपर्यंत लिंकवर टाकावयाचे असते. याहून अधिक भाष्याची गरज नसावी.

द्रव्याचा प्रश्न टाळून मनाचा विचार करणे हा ढोंगीपणा होईल. २००० सालापासून नवा शिक्षक तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर राबतो. प्राथमिकचे ते मानधन दीर्घकाळ महिना ६,००० रुपये राहिले आणि २०२३ साली १६,००० झाले. त्याहून बिकट अवस्था विनाअनुदानित शाळांची. २००१ साली ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्व आले, २००९ साली त्यातला ‘कायम’ गळाला, पुढे अनुदान टक्क्याटक्क्यांनी झिरपू लागले, आणि या टक्क्यांची वाट पाहत माणसांच्या उमेदीची वर्षे निघून गेली. २०२५ च्या मार्च महिन्यात आपल्या बीड शहरात एका आश्रमशाळेच्या शिक्षकाने, वर्षानुवर्षे वेतनाविना काम केल्याची व्यथा लिहून ठेवून, जीवन संपविले. त्या कुटुंबाच्या दुःखाचा मी व्याख्यानासाठी अधिक उपयोग करणार नाही. त्याच वर्षी १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला, की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. निर्णयाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. शिक्षकाची पात्रता पाहू नये असे कोणता शहाणा म्हणेल? पण पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासलेला माणूस रात्री स्वतःच्या मुलाशेजारी बसून परीक्षेची पुस्तके चाळतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालते याची विचारपूस करणारे कोणी असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

शिक्षकाने स्वतः काय करावे, हे थोडक्यात सांगतो, कारण त्याच्या हातात थोडेच आहे. रजा हक्काची आहे. ती घ्यावी आणि घेतल्याबद्दल क्षमा मागू नये. रात्रीच्या जेवणानंतर आलेला ‘तात्काळ’ संदेश सकाळी वाचला तर राज्य बुडत नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत माहितीच्या तक्त्यांतून अर्धा तास काढून, कोणत्या मुलापुढे आपण हरलो हे एकमेकांस मोकळेपणे सांगावे. हे सांगण्याची सोय असणे हे पुष्कळ औषधांपेक्षा गुणकारी आहे. आणि झोप उडणे, अन्न न रुचणे, जगण्याचा कंटाळा येणे हे आठवड्यांमागून आठवडे चालले, तर ते मनाचे नाटक समजू नये. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्याच नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. तापासाठी आपण जितक्या सहज डॉक्टरांपुढे बसतो तितक्याच सहज मनाच्या दुखण्यासाठी बसावे. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, पैसा न पडता, मराठीत बोलता येते. ‘डोक्यावर परिणाम झाला’ असे म्हणणाऱ्यांची तोंडे गावाने बंद करावीत. ते काम शिक्षकाचे नव्हे.

सरकारकडे एकच मागणे आहे: प्रत्येक केंद्रात निदान एक राखीव शिक्षक असावा, ज्याचे काम रजेवर गेलेल्याच्या वर्गात जाऊन उभे राहणे एवढेच असेल, आणि ज्याला याद्या करण्यास कोणी पाठविणार नाही. पण हुकूम निघेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यातले निदान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरविले आहे. ही समिती सह्यांपुरती न राहता, शिक्षकाची रजा अडते का, हा विषय तिने दर बैठकीत घ्यावा.

या सभेत निवृत्त गुरुजी आणि बाई बऱ्याच संख्येने बसलेल्या आहेत; डी.एड. होऊन नेमणुकीची वाट पाहत घरी बसलेले तरुण मागे उभे आहेत. आपणांस माझी विनंती आहे. गोष्ट सांगणे, कविता म्हणून घेणे, पाढे घेणे, मुलांबरोबर बसून वाचणे एवढे तर कोणालाही जमेल. आपल्या वाडीच्या शाळेत उद्या सकाळी जावे, मुख्याध्यापकांना भेटावे, आणि महिन्यातला अमुक एक दिवस माझा, त्या दिवशी तुमच्यातल्या एकाने खुशाल रजा टाकावी, असे सांगून आपले नाव व फोन नंबर शाळेच्या फळ्यावर लिहून यावे.